सदतिसावी फ्रेम

फोटोचं दुकान शनिवारी संध्याकाळपर्यंत जागेच्या मालकाच्या ताब्यात द्यायचं होतं, आणि सकाळचे साडेदहा वाजून गेले तरी तिघं भावंडं दारावरच्या पाटीपाशीच अडली होती.

पाटी धाकट्याला हवी होती. तो लग्नांचे व्हिडिओ करायचा, आकाशात ड्रोन उडवायचा, आणि वडील हयात असताना याच दुकानाला त्याने तोंडावर 'म्युझियम' म्हटलं होतं. वडील जाऊन आठ महिने झाल्यावर आता त्याला जुन्या पाटीत काहीतरी दिसायला लागलं होतं.

"जुनी पाटी असली की गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो," तो म्हणाला.

"अप्पा होते तेव्हा या पाटीखाली एक दिवस उभा राहिला नाहीस," ताई म्हणाली. ताई पोस्टात होती, आणि बोलायचीही शिक्के मारल्यासारखंच. "आता पाटी हवी, दुकान नको. वा रे वा!"

"पाटी कुणीही न्या," दादा म्हणाला. "चार वाजता भंगारवाला येणार आहे. त्याच्या आत आतलं सगळं बाहेर आलं पाहिजे." दादा बस डेपोत वेळापत्रकं लावायचा. जगात वेळेवर न येणाऱ्या गोष्टींवर त्याचा मनापासून राग होता, आणि त्यात माणसंही आली.

थोरली, म्हणजे दादाची बायको, या वादात पडली नाही. सत्तावीस वर्षं या घरात काढल्यावर तिला एवढं कळलं होतं की ही तिघं भांडत असतात तोवर ठीक असतात, आणि मध्ये पडणाऱ्याचंच डोकं फुटतं. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. माणसाला श्वास रोखायला सांगायचं, बटण दाबायचं, श्वास सोडायला सांगायचं. फिल्मवर काय दिसलं ते डॉक्टरांनी सांगायचं, हिने नाही. त्याच सवयीने घरातही ती पुष्कळ बघायची आणि थोडं बोलायची. धाकटा तिला 'एक्स-रेवहिनी' म्हणायचा.

आई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली होती. मागे अप्पांनी स्वतः रंगवलेला पडदा होता: एक जिना, एक कठडा आणि एक ढग. जिना वर कुठे जातो ते अप्पांना ठरवता आलं नव्हतं, म्हणून तिथे ढग आला होता. निम्म्या गावाने या जिन्यापुढे उभं राहून पोट आत घेतलं होतं.

"आई, घरातली सगळी कपाटं पालथी घातली," ताई म्हणाली. "अप्पांचा फोटो भिंतीवर लावायचा तर शेजारी तुझा नको का? एक सापडत नाही."

"काढला असता तर सापडला असता," आई म्हणाली. हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि पुढचीही ठरलेलीच. "अख्ख्या गावाची तोंडं बघितली त्या माणसाने. माझं बघायला फुरसत नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय?"

"ओळखपत्रावर आहे की तुझा फोटो," धाकटा म्हणाला.

"ती मी नाही. पोलिसांनी पकडून आणलेली कुणी बाई आहे ती. तुझ्या बापाचाच लावा, एकट्याचा. जन्मभर मी पडद्यामागेच होते, आता भिंतीवर येऊन काय करू?"

थोरलीने सवयीने नवऱ्याकडे पाहिलं. आई या विषयावर आली की दादा जागा सोडायचा. घरी असला तर पाणी प्यायला उठायचा. आज प्यायला पाणी नव्हतं, म्हणून तो डार्करूममध्ये गेला. सत्तावीस वर्षांत तिने हे कितीदा पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं.

तो बाहेर आला तो छातीशी तीन डबे धरून. बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे. आणखी आठ आत होते.

"हे कात्रणांचे डबे. भंगारात," दादा म्हणाला.

"कात्रणं नाहीत ती," ताई म्हणाली. "अप्पांच्या सदतिसाव्या आहेत."

फिल्मच्या डबीवर छत्तीस फोटोंचा आकडा छापलेला असायचा. पण अंधारात, हाताने, सुरुवातीची फिल्म वाया न घालवता रोल भरला तर शेवटी एक फोटो जास्तीचा निघायचा. अप्पांच्या हातून तो कायम निघे. छत्तीस गिऱ्हाइकाचे, सदतिसावा घरचा. कुठलंही काम आटोपून आले की बूट काढायच्या आधी ते घरात कशाचा तरी एक फोटो घ्यायचे आणि मग रोल गुंडाळायचे. "ज्यांच्या जिवावर छत्तीस झाले, त्यांचा एक," म्हणायचे. धुतलेली फिल्म सहा-सहाच्या पट्ट्यांत कापली की सहा पट्ट्या गिऱ्हाइकाला जात, आणि टोकाचा एकटा तुकडा पातळ कागदाच्या पुडीत, पुडी डब्यात. छापला मात्र एकही नाही. छापायला कागद लागतो, आणि कागद गिऱ्हाइकाचा, असं त्यांचं शास्त्र. घरात सगळ्यांना ही खोड माहीत होती, आणि रोज डोळ्यांपुढे असलेल्या गोष्टीचं होतं तेच तिचं झालं होतं. तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"त्यात आईचा एखादा असेल!" ताईचा आवाज एकदम चढला.

"नाही," दादा म्हणाला. "काही नाही त्यात. चपला, खुर्च्या, बादल्या."

"तुम्ही कधी बघितलंत?" थोरलीने विचारलं.

"बघायला काय लागतं? एवढीएवढीशी फिल्म. अकरा डबे. चारला माणूस येणार."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. थोरलीला चोरी माहीत नव्हती, पण चांदणं स्वच्छ दिसलं.

"मी बघते," ती म्हणाली. "निगेटिव्ह वाचायची मला सवय आहे. तुम्ही पाटी उतरवा तोवर."

"अकरा डबे, वहिनी!" धाकट्याने कपाळावर हात मारला. "दादा म्हणतो ते बरोबर आहे. उगाच कशाला उकरायचं?" पाटी आपल्याकडे येणार म्हटल्यावर तो आता दादाच्या बाजूचा झाला होता.

"तू गप," ताई म्हणाली. "वहिनी, बघा तुम्ही."

"बघा, बघा," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "डोळे फोडून घ्या. माझा नाही त्यात. मला माहीत आहे."

डार्करूममध्ये एक टेबल होतं, वर दुधी काच, काचेखाली दिवा. थोरलीने दिवा लावला, अप्पांचं भिंग पुसलं, पहिला डबा उघडला. प्रत्येक पुडीवर पेन्सिलीने महिना आणि वर्ष लिहिलेलं होतं. तिने पहिली पुडी सोडली आणि आधी तुकड्याच्या कडेचा आकडा वाचला. ही तिची धंद्याची शिस्त. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एकाचा डावा हात उजवा म्हणून गेला होता. तेव्हापासून ती आधी कड वाचायची, मग हाड बघायची. कडेवर सदतीस होतं.

मग तिने भिंग लावलं. एक बाई चुलीपुढे उकिडवी बसून मागे वळून हसत होती.

निगेटिव्हमध्ये काळे केस पांढरे दिसतात. त्यामुळे विशीतल्या सासूचं डोकं आज बाहेर स्टुलावर होतं तसंच पांढरं होतं, आणि थोरलीने तिला चटकन ओळखलं. दुसऱ्या पुडीत आई दोरीवर चादर टाकत होती, तिसरीत बाळाला, म्हणजे दादाला, पायांवर घेऊन बसली होती. केस विंचरताना, सुईत दोरा ओवताना डोळा बारीक करून, दाराशी कुणाशी तरी भांडताना, भिंतीला टेकून डुलकी घेताना. एक डबा, दोन डबे, तीन. घरातल्या सगळ्यांना जो फोटो हवा होता तो एक नव्हे, शेकड्यांनी तिथे होता.

उठून हाक मारावी असं तिला वाटलं. पण अर्धी फिल्म बघून निदान करायचं नसतं. ती बसून राहिली.

चौथा डबा निम्मा झाला आणि तिचा हात थांबला. पुडीत आई नव्हती. पुष्पगुच्छ धरलेला एक लठ्ठ, अनोळखी माणूस होता. तिने कड वाचली. कडेवर सदतीस नव्हतं. एक होतं.

तिने पुढची पुडी सोडली. सदतीस. रिकामी खुर्ची. पुढची सदतीस, चपलांचा जोड. मग कंगवा, बादली, उंबऱ्यावरचं टोपलं. पाचवा डबा तसाच, सातवा तसाच, अकरावाही तसाच. लठ्ठ माणसाच्या आधी आई जवळजवळ प्रत्येक तुकड्यात होती. लठ्ठ माणसानंतर ती एकदाही नव्हती.

पाटी काढायची ठोकाठोक बाहेर चालू होती. थोरलीने नवऱ्याला आत बोलावलं आणि दार लोटलं.

"अहो, याच्यावरचा आकडा वाचा."

दादाने तुकडा हातात घेतला नाही. "एक," तो म्हणाला.

"न बघताच?"

"हेडमास्तर आहेत ते." तो भिंतीला टेकला. डोळे टेबलाच्या उजेडावर होते. "मी पंधरा वर्षांचा होतो. त्यांच्या निरोप समारंभाची फिल्म अप्पांनी धुऊन टांगली आणि आठवडाभर बाहेरगावी गेले. कापायचं काम माझ्याकडे. 'आकडा बघून काप' म्हणाले होते. मी कसला बघतोय! उलट्या टोकाकडून मोजलं. पहिली फ्रेम एकटी सुटली आणि आईची सदतिसावी शेवटच्या पट्टीत गेली."

"छापताना दिसली नाही?"

"आपल्या एन्लार्जरचा दिवा गेला होता. पट्ट्या दुसऱ्या स्टुडिओत छापायला दिल्या. पाकीट आलं ते न उघडता मी शाळेत नेऊन दिलं. वेळेवर दिलं म्हणून फुशारलो होतो. शिपायाने छत्तीसच्या छत्तीस फोटो व्हरांड्यातल्या बोर्डावर ओळीने लावले. वर मोठ्या अक्षरांत, 'आमचे लाडके हेडमास्तर'. आणि शेवटी आई. करपलेलं पातेलं घासतेय, केस सुटलेत, बाह्या वर चढवल्यात, आणि अप्पांवर ओरडायला तोंड हे एवढं उघडलंय."

थोरलीला हसू आलं, ते तिने गिळलं.

"तीन दिवस होता तो तिथे. सगळी शाळा बघून गेली. चौथ्या दिवशी आई ताईला आणायला शाळेत गेली." दादा थांबला. "अप्पा परत आले तेव्हा घरात शब्द नव्हता. आई एवढंच म्हणाली, 'तुमचा तो डोळा पुन्हा माझ्यावर रोखायचा नाही.' अप्पा म्हणाले, 'माझ्याच हातून कापताना चुकलं.' मी दाराआड होतो. त्यांना माहीत होतं मी तिथे आहे ते. मग म्हणाले, 'बरं.' संपलं. मी पुन्हा कात्री धरली नाही. शाळा संपल्या संपल्या डेपोत चिकटलो."

"आणि आईंनी त्यातलं 'रोखायचा नाही' तेवढं गाळलं."

"गाळलं. राहिलं फक्त 'कधी काढला नाही.' त्रेचाळीस वर्षं ती अप्पांना ते ऐकवत आली आणि अप्पा ऐकत आले. मीही ऐकत आलो. आज चारला डबे गेले असते म्हणजे सुटलो असतो."

दादाचा चेहरा या क्षणी पंधरा वर्षांच्या मुलाचा होता, टक्कल सोडून. थोरलीला त्याचा राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ मायाही आली. एवढा मोठा माणूस, गावातली प्रत्येक बस मिनिटावर सोडणारा, आणि एक वाक्य त्याच्याच्याने सुटलं नव्हतं.

"फिल्मवर काय दिसलं ते मी सांगत नसते," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. त्रेचाळीस वर्षं श्वास रोखून धरलाय. सोडा आता."

तीन वाजून दहा मिनिटांनी दादाने सांगितलं. आईसमोर उभं राहून, हात मागे बांधून, वर्गात उभं केल्यासारखं. हेडमास्तर, उलटं टोक, दुसरा स्टुडिओ, बोर्ड, आईचं ते वाक्य आणि अप्पांचं 'बरं'. पाटी उतरवून आत आणली होती, ती भिंतीला टेकवलेली होती.

पहिल्यांदा धाकटा हसला. "आमचे लाडके हेडमास्तर!" म्हणून त्याने पोट धरलं, मग ताईचं तोंड बघून आवरलं.

ताई रागाने लाल झाली होती, पण दादावर नाही. "म्हणजे तूच नको म्हटलंस?" ती आईला म्हणाली. "आणि आम्हाला जन्मभर सांगितलंस की त्यांनी काढला नाही? मी अप्पांना तोंडावर बोलले होते, आई. गेल्या वर्षी. 'तुम्हाला साऱ्या जगाचं कौतुक, आमच्या आईचं नाही.' ते नुसते हसले. तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तसं बोलले असते का?"

"तिच्यावर कशाला ओरडतेस?" धाकटा म्हणाला. तो आता आईच्या स्टुलाशेजारी जाऊन उभा राहिला होता. "शाळेच्या बोर्डावर तुझा तसा फोटो लागला असता तर तू काय केलं असतंस?"

"तू मधे बोलू नकोस. तू जन्मलाही नव्हतास."

"भांडू नका," आई म्हणाली. ती दादाकडे बघत होती. "तू कापलंस ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

"काय?"

"अरे, त्या माणसाचा हात कधी चुकला होता का? अंधारात फिल्म भरायचे ते, उजेडात उलटं मोजतील? आणि तू चार दिवस जेवला नव्हतास. आई आहे मी तुझी. पण ते म्हणाले माझ्या हातून झालं, मग मी त्यांना खोटं कसं पाडू? पोराला वाचवत होते, वाचवू दिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दादाने खुर्ची ओढली आणि तो बसला. त्रेचाळीस वर्षं उचलून धरलेलं ओझं खाली ठेवायला जावं आणि ते कधीच उतरवलेलं निघावं, असं काहीसं त्याचं झालं होतं. बरं वाटायला हवं होतं. पण तूर्त त्याला फक्त थकल्यासारखं वाटत होतं.

"मग त्यांच्यावर राग कशाचा होता, आई?" थोरलीने विचारलं. सासूला तिने स्वतःहून विचारलेला आजचा हा पहिला प्रश्न.

बोलायच्या आधी पदर नाहीतर बाही नीट करायची आईची सवय होती. तिने बाही सारखी केली.

"'बरं' म्हणाले त्याचा," ती म्हणाली. "मी म्हटलं पुन्हा काढायचा नाही, आणि ते म्हणाले बरं. अगं, रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतं. आठवडाभराने विचारायचं होतं. महिन्याने विचारायचं होतं. मी पुन्हा नको म्हटलं असतं, मग तिसऱ्यांदा विचारायचं होतं. भांडायचं होतं. हा माणूस 'बरं' म्हणाला आणि विसरून गेला. मी वाट बघत राहिले, आणि वाट बघितली हे सांगायची लाज वाटली. म्हणून मग लोकांना दुसरं सांगितलं. खोटं सांगितलं, जा."



"विसरले नव्हते ते," थोरली म्हणाली.

तिने टेबलावरचे तुकडे ओळीने मांडले होते. आईला हाताला धरून ती आत घेऊन गेली. बाकीचे मागोमाग आले. दुधी काचेवर चाळीसएक तुकडे उजेडात होते.

"मला यातलं काय कळणार?" आई म्हणाली. "भुताटकी दिसतेय नुसती."

"थांब," धाकटा म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी दाबलं आणि काचेवर आडवा धरला. पडद्यावर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालं, आणि चपलांचा जोड सरळ, खरा, काल काढल्यासारखा दिसला. एक चप्पल उलटी पडली होती.

"या माझ्या," आई म्हणाली.

धाकट्याने फोन सरकवला. कंगवा, दातांत अडकलेले दोन केस. "माझा." अर्धी विणलेली बाही, सुया खुपसलेल्या, वर लोकरीचा गुंडा. "तुझ्या स्वेटरची, ताई. पिवळा होता." भांडी पालथी घातलेली. कात्री आणि खाली कापलेले लहान केस. घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर चष्मा. पुसलेल्या फरशीवर ओल्या पावलांचे ठसे, दाराकडे गेलेले.

"चपला आणि खुर्च्या," दादा हळूच म्हणाला. "म्हटलं होतं ना मी."

"आकडा बघितल्याशिवाय बोलू नका," थोरली म्हणाली. "पहिल्या साडेतीन डब्यांत आई आहेत. मग हेडमास्तर. हेडमास्तरांनंतरचे सगळे हे. आईंवर डोळा रोखायचा नाही म्हणून शब्द दिला होता. त्यांनी तो पाळला. एकदाही रोखला नाही."

धाकट्याचा हात एका कपावर थांबला होता. खिडकीशी लहान टेबल, मागे सरकवलेली खुर्ची, टेबलावर कप. खिडकीतला उजेड कपावर तिरका पडला होता आणि त्या उजेडात काहीतरी पुसट, वळत वर गेलेलं होतं.

"हे काय आहे? फिल्म खराब झालीय का?" धाकट्याने विचारलं.

आई पुढे वाकली. फोनच्या पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

"वाफ आहे," ती म्हणाली. आणि मग, "वाफ निघतेय अजून. म्हणजे मी आत्ताच उठले होते. फरशीही ओली होती. म्हणजे दर वेळी..." तिने मागे वळून डार्करूमच्या दाराकडे पाहिलं, जणू तिथे कुणी बूट न काढता उभं असावं. "मागेच असायचे. मी जागेवरून उठायची वाट बघत."

आई रडली. आवाज न करता, तोंड न लपवता रडली, आणि ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला. अप्पा गेले तेव्हा आई अशी रडली नव्हती. थोरलीच्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं, आणि अर्थातच ती काही बोलली नव्हती.

बाहेर भंगारवाला आला. घड्याळात बरोबर चार. दादा दारापर्यंत गेला आणि म्हणाला, "जरा थांबा." असं तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत असावा, कारण म्हटल्यावर तो स्वतःच गोंधळला. मग त्याने खराब झालेल्या फिल्मची दोन खोकी आणि रसायनांच्या रिकाम्या बरण्या बाहेर नेऊन दिल्या. डबे दिले नाहीत.

"सगळं असेल म्हणाला होतात," भंगारवाला म्हणाला.

"मोजण्यात चूक झाली," दादा म्हणाला.

अकरा डबे कुणी ठेवायचे यावरून लगेच नवा वाद सुरू झाला. ताईला सगळे हवे होते. धाकट्याला ते स्कॅन करून पडद्यावर मोठे करायचे होते. पाटीचा त्याला विसर पडला होता. काउंटरचा खण रिकामा करता करता त्याच्या हाताला कॅमेरा लागला. अप्पांचा, कातडी पिशवीतला. शेवटचा रोल जुन्या गिऱ्हाइकांच्या हट्टापायी चार वर्षं पुरवून पुरवून वापरला होता.

"यात फिल्म आहे," तो म्हणाला. त्याने वरची आकड्याची खिडकी उजेडाकडे धरली. "छत्तीसवर आहे."

सगळ्यांनी एकदम आईकडे पाहिलं. ती तोंड धुऊन येऊन पुन्हा स्टुलावर बसली होती, रंगवलेल्या जिन्यापुढे.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली.

धाकट्याने कॅमेरा डोळ्याला लावायला उचलला. थोरलीने तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि काही न बोलता नवऱ्यापुढे धरला. दादाने आधी हात पाठीमागे नेले. मग घेतला. फिल्म पुढे सरकवायचा खटका त्याच्या अंगठ्याने न बघता शोधला, आणि तो पूर्ण फिरला. एक शिल्लक होती.

"आई, तुझा फोटो घेऊ?"

"नको," आई म्हणाली.

दादाने कॅमेरा खाली घेतला. सवयीने त्याच्या तोंडातून "बरं" निघणार होतं. ते त्याच्या ओठांवर आलेलं थोरलीला दिसलं, आणि आईलाही दिसलं.

"अरे मेल्या," आई म्हणाली, "पुन्हा विचार की."

दादाने घसा खाकरला. "आई," तो म्हणाला, "तुझा एक फोटो घेऊ का?"

आईने केस कानामागे सारले. ओठ मिटले, मग सोडले. कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं.

"घे," ती म्हणाली. "आणि या वेळी आकडा बघून काप."